‘धोकादायक’ असं लिहून द्या

जुन्या घराचं काय करायचं, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. त्यांना सल्ला नको असतो, कागद हवा असतो. "साहेब, घर धोकादायक आहे असं लिहून द्या." तो कागद मग नगरपरिषदेत लावायचा, भाडेकरू असेल तर त्याच्यापुढे धरायचा आणि पुण्याच्या भावाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा, म्हणजे त्याची सही लवकर येते. मी राहाता तालुक्यात नकाशे काढतो, बांधकामं करतो. शिर्डी, साकुरी, राहाता, पुणतांबा या पट्ट्यातली जुनी घरं पाहायला मला बोलावतात. माझा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. नवं बांधलं तर मला पैसे जास्त मिळतात. माझी फी खर्चाच्या टक्क्यावर असते. दुरुस्तीचा खर्च कमी आणि कटकट तिप्पट. तरीही तो कागद मी सहसा घर न बघता देत नाही, आणि बघितल्यावर बऱ्याचदा देता येत नाही.

शिर्डीत ही मागणी लाटेनं येते. २००९ साली साईनगर स्टेशन सुरू झालं तेव्हा एक लाट आली. १ ऑक्टोबर २०१७ ला काकडीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा दुसरी. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला आणि त्यानंतर तर गावठाणातली माणसं आपल्याच ओट्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागली. घर तेच, भिंती त्याच. खालची जागा महाग झाली, एवढंच. पण जागेची किंमत वाढली की घर एकदम म्हातारं दिसायला लागतं.

ज्या घरानं मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते देवळापासून चालत जाण्याइतकं जवळ, गावठाणाच्या कडेला होतं. तिघे भाऊ, एक बहीण. थोरले पुण्यात नोकरीला, मधले पेरूची बाग सांभाळून गावातच, धाकट्याचं रस्त्यावर हार-प्रसादाचं दुकान. बहीण कोपरगावला दिलेली. घरात आई, आणि दिवसातून दोनदा मधल्याचा डबा. वडील गेल्यावर वर्षश्राद्धापर्यंत कुणी विषय काढला नाही. श्राद्ध झालं आणि त्याच आठवड्यात मला फोन आला.

पुढचा भाग आजोबांच्याही आधीचा. ओटा, ओसरी, माजघर. दोन फुटी दगड-मातीच्या भिंती, सागवानी खांब, तुळया, वर कडीपाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. मागे तीन खोल्या, १९८० च्या सुमाराला ऊस चांगला गेला तेव्हा बांधलेल्या. भाजक्या विटा, सिमेंट, स्लॅब. भावांचा बेत सरळ होता. पुढचं मातीचं पाडायचं, मागचं ‘पक्कं’ ठेवायचं, आणि पुढच्या जागेवर तीन मजली लॉजिंग उठवायचं.

जुनं घर मी पावसाळा संपता संपता बघतो. उन्हाळ्यात सगळीच घरं साळसूद दिसतात. आधी माळवदावर जातो आणि तिथून उतरलो की थेट नहाणीघरात. नळ कधी आला, संडास कधी झाला, शोषखड्डा कुठे खणला, हे विचारल्याशिवाय भिंतीकडे पाहत नाही. शंभर वर्षं कोरड्या राहिलेल्या भिंतीच्या मुळाशी रोज चार बादल्या पाणी मुरायला लागलं की पुढची दहा वर्षं पुरतात. आमच्याकडे त्यात कॅनॉलची भर. गोदावरीच्या उजव्या कालव्यानं हा मुलूख उसाचा केला, पेरूचा केला, आणि त्याच पाण्यानं जमिनीतली ओल वर आणली. आवर्तन सुटलं की काही घरांच्या भिंतींवर आठवड्याभरात ओलीची रेघ वर सरकते. म्हाताऱ्या बायकांना हे पाटबंधारे खात्याआधी कळतं.

या घरात पुढच्या खोलीला कुणीतरी छातीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून वर फरशी चिकटवली होती. ओल झाकायला. दगड-मातीची भिंत श्वास घेते असं म्हणायची फॅशन आहे; मी साध्या भाषेत सांगतो. खालून चढलेलं पाणी भिंतीच्या दोन्ही अंगांनी उडून जात होतं, ती वाट सिमेंटनं बंद केली. मग पाणी आणखी वर चढलं आणि फरशी जिथं संपते तिथं लोणा फुटला. घरच्यांनी तो बोटानं खरवडून दाखवला, "बघा, कशी भुगा झालीये." भुगा झाली होती ती वरची पुटं. गिलाव्याचा एक तुकडा काढून आतला दगड बघितला तर जागचा हललेला नव्हता.

ओळंबा सोडला. एका ठिकाणी भिंतीनं पोट काढलं होतं, साधारण दोन इंच. दगडाच्या या भिंती म्हणजे खरं तर दोन पदर असतात, आतला आणि बाहेरचा, मधे माती आणि चिपा. दोन्ही पदरांना आरपार धरणारे लांब दगड घातलेले असले की भिंत एकजीव राहते, नसले की पाणी आत शिरल्यावर एक पदर सुटून फुगतो. तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं ठोकून पाहिली. टणटणीत आवाज आला तर लाकूड निरोगी, भद्द आवाज आला तर आत वाळवी किंवा कुज. सगळ्या टोकांत एकच भद्द वाजलं, तेही पन्हाळ फुटली होती त्याच्या बरोबर खाली. मग जोत्याला लागून खड्डा घेतला. काळी माती संपून मुरूम लागला आणि पाया त्या मुरमावर टेकलेला होता. ज्या कुणी तो घातला त्याला काळ्या मातीचा स्वभाव पक्का माहीत होता.

मागच्या खोल्यांचा पाया काळ्या मातीतच अडीच फुटांवर थांबवलेला. खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्यासारखी पायरी-पायरीनं चिर गेलेली. आई म्हणाल्या, "ही वैशाखात उघडते, श्रावणात मिटते. दर साल लांबी भरतो." काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, वर हलकं घर असेल तर त्याला बरोबर घेऊनच. आणि स्लॅब. नहाणीघरावरचा स्लॅब हातोडीनं वाजवला तेव्हा पोकळ बोलला, एक खपली खाली आली आणि आतली सळई दिसली. गंजून पापुद्रे सुटलेली. त्या काळी विहिरीचं मचूळ पाणीच काँक्रीटला वापरत, सळईखाली कव्हर म्हणून दगडाची कपची ठेवत, तीही ठेवली तर. त्यावर हजार लिटरची टाकी. भरली की एक टन.

तेव्हा मी भावांना ओसरीत बसवून सांगितलं की धोकादायक आहे असं मी लिहून देतो, पण मागच्या भागाचं. पुढचा भाग दुरुस्त होतो.

कुणालाच आवडलं नाही. धाकटे तर हसलेच. मधले मात्र गंभीर होऊन म्हणाले, "साहेब, दगडमातीचं ठेवा म्हणता, मग किल्लारीला काय झालं?"

हा प्रश्न योग्य आहे आणि तो विचारणाऱ्याला टाळू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात गणेश विसर्जन आटोपून झोपलेली माणसं मेली ती अशाच भिंतींखाली. आठ हजारांच्या आसपास. त्यानंतर आमच्या जिल्ह्यातही स्लॅबशिवाय बोलायचं नाही असं होऊन बसलं, आणि मागच्या त्या खोल्यांना पक्कं म्हणायची सवय तिथूनच घट्ट झाली. पण तिथं नेमकं काय पडलं हे नंतर अभ्यासलं गेलं. गोटे तसेच रचलेल्या, आरपार दगड नसलेल्या जाड भिंती, आणि वर दर काही वर्षांनी जुनी न काढता चढवलेली माती. एक फूट माती म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर साधारण साडेचार टन. आपल्या पाच इंची स्लॅबपेक्षाही जास्त. काही ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी खांबांवर तोललेलं छत उभं राहिलं, हेही तिथंच दिसलं. त्या भूकंपानंतर अशी घरं मजबूत कशी करायची याची पद्धत ठरली. माळवदाची माती कमी करायची. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात आकडा केलेली सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदर बांधले जातात. चौकटींच्या वरच्या पातळीवर घराभोवती पट्टा फिरवायचा. हे करायचं नसेल, तर मात्र मधल्या भावाची भीती खरी आहे. नुसता रंग आणि फरशी म्हणजे दुरुस्ती नव्हे. तसं करणाऱ्याला मी पाडा म्हणून सांगतो.

खरं तर या गावाला हा वाद नवा नाही. मशिदीच्या दुरुस्तीची हकीकत साईसच्चरितात आहे. आज जिला आपण द्वारकामाई म्हणतो ती तेव्हा पडकी, खड्ड्याखड्ड्यांची. भक्तांना फरशी घालायची, मंडप उभारायचा. साईबाबांची परवानगी मिळेना. म्हाळसापतींनी मध्यस्थी केल्यावर काम निघालं. काकासाहेब दीक्षितांनी पुढे मंडपासाठी खांब रोवले तर बाबांनी सकाळी चावडीहून येऊन ते उपटून काढले, अशीही गोष्ट त्यात आहे. भाविक तिचा अर्थ त्यांच्या परीनं लावतात. मला, धंद्यातला माणूस म्हणून, त्यात एक ओळखीची गोष्ट दिसते. घरात राहणाऱ्याला न विचारता रात्रीतून सुधारणा करायला निघालेली प्रेमळ माणसं.

त्याच काळातल्या तीन वाड्यांचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. निंबाभोवती १९०८ मध्ये बांधलेला साठेवाडा पुढे परिसर वाढवताना पाडला गेला. दीक्षितवाड्याचा पाया डिसेंबर १९१० चा, पुढच्या रामनवमीला गृहप्रवेश. तो राहिला आणि आता त्यात बाबांच्या वस्तूंचं संग्रहालय आहे. नागपूरच्या गोपाळराव बुट्टींनी दगडी वाडा राहायला म्हणून काढला, मधे मुरलीधराची मूर्ती बसवायचं ठरलं, आणि १९१८ च्या विजयादशमीला बाबा गेले तेव्हा त्याच वाड्यात त्यांना ठेवलं. आजचं समाधी मंदिर ते. म्हणजे एक वाडा गेला, एकाचं काम बदललं आणि एकाचं काम पूर्ण व्हायच्या आतच बदललं. भावांना मी हे सांगितलं ते एवढ्यासाठीच, की लॉजिंग म्हणून बांधलेली इमारत लॉजिंगच राहील, असं धरून कर्ज काढू नका. १७ मार्च २०२० ला मंदिर दर्शनासाठी बंद झालं ते दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडलं. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, ते ऑक्टोबरात उघडलं. त्या काळात ज्यांचे हप्ते थकले त्यांची नावं धाकट्या भावालाच जास्त ठाऊक होती. ते गप्प बसले.

पण धाकट्यांची बाजूही पोकळ नव्हती. दुकान भाड्याचं, मुलं मोठी होत आलेली, आणि वाटणीत आलेल्या एकमेव मोक्याच्या जागेवर माती सांभाळत बसायचं? मी त्यांच्यासाठी नव्या इमारतीचा कच्चा नकाशा काढला. गल्ली अरुंद. जुनं घर आहे तिथं कायद्यानं उभं आहे, नवं बांधायचं म्हटलं की आजचे नियम लागतात. रस्त्यासाठी मागे सरा, गाड्यांना जागा सोडा, उंची गल्लीच्या रुंदीवर. तळमजला सगळा पार्किंग आणि जिन्यात गेला. वर ज्या खोल्या निघाल्या त्या त्यांनी मनात मोजल्या होत्या त्याच्या निम्म्या.

याच सुमाराला थोरले पुण्याहून आले आणि त्यांनी दोन्हींचा दर विचारला. इथं दुरुस्ती हरते. नव्याचा ठोक दर चौरस फुटाला सांगता येतो, बँकेला तो कळतो, गिऱ्हाइकाला कळतो. दुरुस्तीचा दर मी काय सांगू? तुळईचं टोक किती कुजलंय ते उघडल्यावर कळणार. काम रोजानं करून घ्यायचं, आणि करणारी माणसं शोधायची. चुन्याचा गिलावा करणारा गवंडी आता तालुक्यात सहज सापडत नाही. आम्हाला मिळाला तो येवल्याकडचा, वय झालेला. लाकडाला जोड देणारा सुतार फर्निचरच्या कामाला गेलेला असतो. याउलट पाडण्याचा दर स्वतःहून चालत येतो. जुन्या लाकडाचे व्यापारी गावभर फिरत असतात. चौकटी, खांब, तुळया बघून जातात आणि म्हणतात, पाडून आम्हीच देतो, वर तुम्हाला पैसे देतो. जुन्या घराबद्दल घरच्यांच्या कानावर पडणारा पहिला आकडा बहुधा त्यांचाच असतो. आणि तो मिळकतीचा असतो. माझा खर्चाचा.

तरी ते घर ना माझ्या अहवालानं वाचलं, ना दरानं. सह्यांवर ते अडलं. मालमत्ता पत्रकावर वडिलांचंच नाव होतं. वारस नोंद करायची तर आई आणि चारही मुलं आली. बहिणीला विचारायचं कशाला, तिचं लग्न थाटात केलंय, ही भाषा अजून ऐकू येते. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची वाटेकरी झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर उरलासुरला संशयही मिटवला, तरीही. नव्या बांधकामाची परवानगी, कर्ज, सगळीकडे सगळ्यांच्या सह्या लागणार. भाऊ कोपरगावला हक्कसोड पत्राचा मसुदा घेऊन गेले. ताईंनी तो ठेवून घेतला आणि पुढच्या गुरुवारी स्वतः आल्या. मला म्हणाल्या, "दादा, नकाशा दाखवा."

मी कच्चा नकाशा पसरला. त्यांनी बोट फिरवलं. पार्किंग, जिना, ऑफिस, खोली, खोली, खोली.

"आई कुठंय ह्यात?"

तिघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. थोरले म्हणाले, "वरच्या मजल्यावर ठेवू की, लिफ्ट टाकू." आई तिथंच तांदूळ निवडत बसल्या होत्या. "लिफ्टबिफ्ट नको," म्हणाल्या, "मला संडास जवळ पाहिजे. आणि ओट्यावर बसता आलं पाहिजे. बाकी तुम्ही काय करायचं ते करा." ताई म्हणाल्या, "सही देते, पण आईच्या हयातीत ह्या जागेवर लॉज नाही. ते लिहा आधी." मसुदा पुन्हा वकिलाकडे गेला. त्यात भावाबहिणीत जे बोलणं झालं ते माझ्या कामाचं नाही. पुढचे काही महिने मला कुणी बोलावलं नाही, आणि मीही तगादा लावला नाही.

शेवटी जे ठरलं ते कुणाच्याच पहिल्या मताचं नव्हतं. मागच्या तिन्ही खोल्या पाडल्या. तिथं मुरमापर्यंत पाया नेऊन एकमजली नवं बांधलं. आईची खोली, आतच संडास-न्हाणी, स्वयंपाकघर. कॉलम असे घेतले की पुढे कधी वर दोन मजले चढवता येतील. त्याचा जादा खर्च धाकट्यांनी दिला, आणि ती त्यांची अट होती. जुन्या-नव्याच्या मधे बोटभर फट सोडून वर पत्र्याची झाकणपट्टी मारली. दोघांचे पाय वेगळे, चाल वेगळी. एकत्र बांधले तर चिर पडणारच. सांडपाणी जोत्यापासून लांब नेलं.

पुढच्या भागात फरशी आणि सिमेंट उतरवायलाच वेळ गेला. सिमेंट निघताना दगडाची साल घेऊन निघतं. माळवदावरून माती काढली तेव्हा थरामागून थर निघाले. मजूर ट्रॉली भरून थकले. सहा-आठ इंच ठेवली, उतार नीट दिला, फुटकी पन्हाळ बदलली. कुजलेल्या टोकाला जोड दिला. पोट काढलेला भाग उतरवून, दगडांना नंबर घालून, आरपार दगड घेत पुन्हा रचला. बाकी भिंतीत भोकं पाडून बांधणी केली, वर पट्टा फिरवला. येवल्याचे गवंडी चुना कालवताना हिरड्याचं नि गुळाचं पाणी घालत तेव्हा पोरं बघायला जमत. एका पावसाळ्यानंतर लोण्याची रेघ खाली आली, पूर्ण गेली नाही. जाणारही नाही, कॅनॉल आहे तोवर. मी तसं लेखी देऊन ठेवलं होतं.

खर्चाचं विचाराल तर पुढचा भाग चौरस फुटाला नव्याच्या जवळपास गेला. लोक म्हणतात दुरुस्ती स्वस्त पडते. नीट केली तर नेहमीच पडत नाही. मधल्यांनी हिशेब बघून मला सरळ विचारलं, "मग नवंच केलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, बिघडलं काही नसतं, फक्त गल्लीला सहा फूट जागा गेली असती. हे उत्तर त्यांना पटलं. माझ्याकडे दुसरंही उत्तर होतं, पण ते ओट्यावर बसलेल्या बाईंच्या हिशेबातलं होतं आणि त्यात माझी फी धरता येत नाही.

आता फोन आला की मी घराआधी दोन गोष्टी मागतो. मालमत्ता पत्रकाचा उतारा आणि मधल्या काळात घराला काय काय केलं त्याची यादी, नळ-संडास-टाकीसकट. अर्धे लोक पहिल्यावरच थांबतात. मागच्या महिन्यात साकुरीहून एक जण आले होते, उतारा हातात, चार सह्या पूर्ण, यादीसुद्धा स्वच्छ अक्षरात. मला बरं वाटलं. कधी बघायला येऊ, विचारलं. म्हणाले, "बघायचं काय त्यात, लाकडाचा विसार घेतलाय. तुम्ही फक्त लिहून द्या."